कुंभवलीत शिवलेला शर्ट

ऑक्टोबर आला की मला शर्टाचं कापड घ्यावंसं वाटतं. या दिवसांत लोकांना दिवाळीची खरेदी सुचते, माळ्यावरचे डबे खाली उतरतात, पंख्यांची पाती पुसली जातात. मला मात्र सुती कापडाचा तुकडा हातात घेऊन, उजेडाकडे धरून, त्यातून पलीकडचं दिसतं का हे बघावंसं वाटतं. दुकानदार मला ओळखतो. मी आत शिरले की तो ड्रेस मटेरियलचे गठ्ठे बाजूला सारतो आणि पुरुषांच्या कापडाचा कप्पा उघडतो.

आमच्याकडचा ऑक्टोबर काही कौतुकाचा नाही. पाऊस निघून गेलेला असतो आणि ऊन चार महिन्यांची थकबाकी वसूल करायला बसलेलं असतं. बोईसरला वारा पडला की कारखान्यांच्या बाजूने एक गोडसर वास येतो आणि सगळे जण आपापल्या कंपनीचा नसल्याचं सांगतात. पालघरकडे जाताना कोळगावला नव्या सरकारी इमारतींच्या कुंपणाला लागून भात पिवळं पडलेलं असतं, कापणीला माणसं उतरलेली असतात. आणि दातिवऱ्याला, आईकडे, किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील लटकलेले असतात. भात, मासळी, पावसाळाभर दमट राहिलेल्या गाद्या, सगळं वाळत घातलेलं असतं. माणसंही थोडी वाळतात.

परवा आमच्या मीटिंगमध्ये लॅबमध्ये नव्याने लागलेली श्रुती तिच्या कामाची माहिती द्यायला उभी राहिली. मुलगी हुशार आहे, आवाजही खणखणीत आहे. पण बोलताना तिने फाइल छातीशी घट्ट धरली होती आणि शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. पडद्यावरचा आकडा दाखवायचा होता तेव्हाही हात कोपरापासूनच उचलला. बाहेर पडल्यावर शेजारचे एक जण म्हणाले, "घाबरते अजून. होईल हळूहळू तयार." ती घाबरत नव्हती. तिच्या शर्टाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणांमध्ये फट पडत होती, आणि ती फाइलने झाकत होती. हे मला लांबूनच कळलं, कारण एक अख्खा ऑक्टोबर मी तेच केलं होतं.

ज्यांना हा प्रश्न कधी पडला नाही त्यांच्यासाठी सांगते. बायकांचे तयार शर्ट कोणत्या बाईला समोर उभं करून शिवतात ते मला आजवर कळलेलं नाही. छातीला बसणारा घ्यावा तर खांदे दंडावर उतरतात आणि बाह्या बोटांपर्यंत येतात. खांद्याला बसणारा घ्यावा तर पुढची बटणं एकमेकांशी भांडायला लागतात. मग सेफ्टी पिन लावायची, आतून टाचणी, आत बनियन, वर स्टोल, दोन्ही बाजूंना चिकटणारी पट्टी. मी सगळं करून बसले आहे. घामाने पट्टी सुटते आणि पिन नेमकी मीटिंगमध्ये टोचते.

कुर्ता का घालत नाही, असं कुणी विचारेल. आमच्या प्लँटमध्ये ओढणी चालत नाही, सैल टोकं चालत नाहीत. फिरत्या यंत्राजवळ तो नियम योग्यच आहे. त्यामुळे सगळ्यांना शर्ट-पँट. लॅबमध्ये वरून पांढरा एप्रन असतो तोवर आत काय घातलंय हे कुणाला दिसत नाही. पण मीटिंगच्या खोलीत एप्रन काढून जायची पद्धत आहे, आणि माझी सगळी अडचण त्या दारापाशी सुरू व्हायची.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता एका मीटिंगमध्ये मी फळ्यावर लिहायला उठले. वरच्या कोपऱ्यात तारीख टाकायला हात उंचावला आणि बटण तुटलं. ते टेबलावर पडलं, घरंगळत गेलं आणि समोरच्याच्या चहाच्या कपाला लागून थांबलं. "विकेट पडली!" कुणीतरी म्हणालं. हसले सगळेच. वाईट हेतूने हसले असं मी म्हणणार नाही, पण हसताना नजर कुठे होती ते मला कळत होतं. मी एका हाताने शर्ट धरून खुर्चीत बसले आणि पुढे काय बोलले ते आठवत नाही.

त्यानंतर मी उठायचंच बंद केलं. मी खुर्चीतून सांगायची आणि माझा सहकारी मिलिंद फळ्यावर लिहायचा. मिलिंद चांगला मुलगा, त्याच्या मनात काही नव्हतं. पण फळ्याजवळ उभा असतो त्यालाच लोक प्रश्न विचारतात, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. काम माझं असायचं आणि मॅनेजर त्याच्याकडे बघून मान डोलवायचे. अशात आमच्या लॅबच्या इनचार्ज बाई नोकरी सोडून गेल्या. जागा रिकामी झाली. दिवाळीआधी परदेशी खरेदीदारांचं ऑडिट होतं. मॅनेजर आम्हा दोघांना बोलावून म्हणाले, "ऑडिटला जो उभा राहून सगळं नीट समजावेल, त्याचं नाव मी वर पाठवीन." सरळ माणूस, सरळ बोलले. सात वर्षं मी त्या लॅबमध्ये काढली होती. माझ्या आणि त्या जागेच्या मध्ये एक शर्ट उभा होता, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तरी हसले असते.

तेव्हा ठरवलं की मापाचा शर्ट शिवून घ्यायचा. पुरुष शिवतात तसा.

सुट्टीच्या दिवशी आधी मुंबई गाठली, कारण मोठ्या शहरात सगळं मिळतं असा आपला समज असतो. पहिल्या दुकानात एसी होता, काचेच्या कपाटात कॉलरचे नमुने मांडलेले होते, आणि माप घ्यायला एक बाईसुद्धा होत्या. मला गहिवरून आलं. मग त्यांनी भाव सांगितला आणि गहिवर जिरला. एवढ्या पैशात आमच्याकडे घरभर पडदे शिवून होतात. दुसऱ्या दुकानातल्या गृहस्थांनी मान वर न करता "लेडीज नहीं करते, मॅडम" म्हटलं. तिसऱ्याने करतो म्हटलं, पण दिवाळीनंतर. रात्री घरी येऊन इंटरनेटवर शोधलं. तिथे आपलं माप आपणच घ्यायचं असतं. आपल्या पाठीची रुंदी आपणच कशी मोजायची याचा एक व्हिडिओ होता. तो बघत टेप मानेमागून घेताना माझी मान अशी धरली, की दोन दिवस सुटली नाही.

मग पालघर. बाजारातल्या एका जेन्ट्स टेलरने हात जोडले. "ताई, शर्ट म्हणाल तसा शिवतो, पण लेडीजचं काम नाही करत. समोर विचारा." समोर लेडीज टेलर होता. तो म्हणाला, "ताई, ब्लाउज द्या, पंजाबी द्या. कॉलर-कफचं काम आपल्याकडे नाही. समोर विचारा." मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. दोघेही आपापल्या दारातून माझ्याकडे आपुलकीने बघत होते. तरी मी हट्टाने कापड घेऊन ठेवलं, फिकट निळं, बारीक रेघेचं. कापड हातात असलं की निदान निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

त्या रविवारी दातिवऱ्याला गेले तेव्हा आई किनाऱ्यावर बोंबील लटकवत होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला फडका आणि साडीवर बाबांचा जुना शर्ट, लांब बाह्यांचा, उन्हासाठी. तिच्या शेजारच्या चौघीही तशाच. नवऱ्याचे, दिराचे, पोराचे विटलेले शर्ट साडीवर चढवून आमच्याकडच्या बायका वर्षानुवर्षं उन्हात काम करतात, शेतातल्याही करतात. मी लहानपणापासून ते बघत आले होते आणि तरी बाईचा शर्ट ही नवी भानगड आहे असं समजून शहरं धुंडाळत होते. मी आईला माझी अडचण सांगितली. तिला काही ती कळली नाही.

"बाबाचा घाल की," ती म्हणाली. "घरात ढीग पडलाय. खांदं तर तुजे माज्यासारकेच हायत, बसंल."

"आई, कंपनीत तसा नाही चालत. बटणं ओढली जातात. लोक बघतात."

तिने हातातले दोन बोंबील एकमेकांत अडकवून दोरीवर टाकले. "आमाला कोन बगतंय? बोंबील?" ती म्हणाली आणि बाकीच्या चौघी खदखदून हसल्या. मलाही हसू आलं. पण तिचं माझ्याकडे लक्ष होतं. निघताना तिने विचारलं, "लई बगतात का गं?" मी हो म्हटलं. तिने पिशवीत सुके बोंबील नेहमीपेक्षा जास्त भरले.

कुंभवलीतल्या एका टेलर मास्तरांचा पत्ता आमच्या गेटवरच्या वॉचमनने दिला. कारखान्यांच्या भिंती संपतात तिथेच गाव सुरू होतं. रस्त्याला लागून घर, पडवीत मास्तरांचं मशीन, भिंतीवर कामगारांचे राखाडी गणवेश टांगलेले. आसपासच्या कंपन्यांचे गणवेश ते शिवायचे. आतल्या खोलीत त्यांच्या बायकोचं, काकींचं मशीन. त्या ब्लाउज शिवायच्या. गावातल्या बायका परसदारातून त्यांच्याकडे यायच्या, पुरुष पुढून मास्तरांकडे. हे मला कुठे ठाऊक? मी पुढून गेले.

पडवीतल्या बाकावर पहिल्या पाळीतून सुटलेले दोन कामगार पँटींची वाट बघत बसले होते. एक म्हणाला, "मास्टर, मॅडम को पहले देख लो, हम को टाइम है." मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी कापड पुढे केलं. शर्ट हवाय, माझ्याच मापाचा, असं सांगितलं.

"शिवायला माजी ना नाय," मास्तर म्हणाले. "पन बायांचं माप मी घेत नाय. आजवर कदी घेतलं नाय."

आतलं मशीन थांबलं. "मी घेते की," आतून आवाज आला. "तुमी शिवा."

"शर्टाचं माप तुला काय समजतंय?"

"माप ते माप. ये पोरी, आत ये."

मास्तरांच्या दुकानात माप घेण्याची पद्धत अशी, की माप घेणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचा. गिऱ्हाइकाचा मित्र लिहायचा, शेजारी लिहायचा, बाकावरचं कुणीही लिहायचं. कुणाचं पोट किती वाढलं ते सगळ्यांना कळायचं आणि त्यावर चेष्टा व्हायची. काकींनी पडदा ओढला, गळ्याचा आकडा मोठ्याने सांगितला, छातीभोवती टेप घेतली आणि थांबल्या. पडद्यापलीकडे बाकावरची कुजबूज बंद झाली होती. काकींनी टेप काढली. कोनाड्यातून परकराची नाडी घेतली आणि टेपेऐवजी तीच माझ्याभोवती गुंडाळून गाठी मारत गेल्या. छातीला एक गाठ, कंबरेला दोन, घेराला तीन, खांद्याला चार. "आमची आय असंच घ्यायची माप," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कोनाला सांगायला नको." मग ती नाडी त्यांनी पडद्याच्या फटीतून मास्तरांकडे दिली. माझं इतकं नाजूकपणे कुणी केलेलं मला आठवत नव्हतं. बाहेर पडताना मी अगदी निर्धास्त होते.

शर्ट झाल्याचा निरोप आला तेव्हा मी जवळजवळ धावतच गेले. कॉलर सुबक होती, कफ टोकदार, बटणपट्टी एका रेषेत. आत जाऊन घातला. बटणं लागली, पण मी श्वास रोखला होता म्हणून लागली. श्वास सोडला आणि पहिल्यापासून शेवटच्या बटणापर्यंत प्रत्येक जागी फट पडली. कोपर खांद्याच्या वर जाईना. हा शर्ट नव्हता, कॉलर लावलेला ब्लाउज होता.

मला रडू आलं. चार दिवसांवर ऑडिट, कापड संपलेलं, आणि उरलेली सगळी आशा या पडवीवर ठेवलेली. काकींनी मला तशी पाहिली आणि तरातरा बाहेर गेल्या.

"तुमी ढिल नाय टाकली?"

"मी कशाला टाकू? ढिल मापातच असते! चार बोटं घालूनच तर माप घेतात."

"ब्लाउजाच्या मापात ढिल ठेवली तर बाया माज्या तोंडावर फेकून मारतील!"

"मंग हे ब्लाउज हाय का?"

बराच वेळ दोघं भांडत होती आणि मी डोळे पुसून ऐकत होते. हळूहळू माझ्या ध्यानात आलं ते असं. ब्लाउजाचं माप अंगाबरोबर, नाडी ताणूनच घ्यायचं असतं. काकींनी तसंच घेतलं, सैलपणा मास्तर कापताना घालतील असं समजून. मास्तर माप घेतानाच टेपेखाली बोटं घालतात, त्यामुळे त्यांचा आकडा मुळात सैल असतो. नाडीतही तसंच असेल म्हणून त्यांनी गाठीवर गाठ कापलं. दोघांचंही आपल्या जागी बरोबर होतं. लग्नाला उभी हयात झाली होती, एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन मशीनं चालत होती, आणि एकच कपडा दोघांनी मिळून कधी शिवलाच नव्हता. माझा शर्ट हा त्यांचा पहिला.

भांडण दमलं तेव्हा मास्तरांनी आपल्याच छातीभोवती टेप गुंडाळून, खाली चार बोटं घालून दाखवली. काकी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोटं कोनाची? तुमची का माजी?" त्यांनी आपला हात मास्तरांच्या हाताला लावला. मास्तरांची बोटं खरंच दीडपट जाड होती. मास्तरांनी ते दोन हात शेजारी शेजारी धरून पाहिले. "पाच घे तुजी," शेवटी ते म्हणाले.

पुन्हा पडदा, पुन्हा नाडी. यावेळी काकींनी नुसतं उभं केलं नाही. "फळ्यावर कशी लिवतेस ती दाव," म्हणाल्या. मी भिंतीवर बोटाने लिहून दाखवलं. "वर. आनकी वर." त्या माझ्या काखेपाशी, पाठीवर, कंबरेला नाडी धरून बघत होत्या आणि बाहेरून मास्तर विचारत होते, "मुंढा खाली घेऊ का? हात सुटंल."

मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल. काकींनी आतूनच ओरडून सांगितलं, "खाली नाय, वर घ्या! वर घेतला तरच हात उचलला की अंग वर येत नाय. ब्लाउजात आमी तसंच करतो. आनि बाजूनं एक टक्स घाला." मास्तरांनी "शर्टात कोन टक्स घालतं?" असं म्हटलं खरं, पण छातीशी कापड चिमटून तो घातला. पाठीला त्यांनी आपल्या मनाने दोन चुण्या दिल्या. आणि कापड? ते काकींनी फळीवरून काढलं. पांढरं, अंगाला गार लागणारं. मास्तरांचा चेहरा पडला. ते त्यांनी स्वतःच्या दिवाळीच्या शर्टासाठी बाजूला ठेवलं होतं. "पोरीची नोकरी आडलीय," काकी म्हणाल्या, आणि विषय संपला.

मापाचा कपडा म्हणजे काय, यावर मी त्या दिवसांत बराच विचार केला. माझ्या आईचं माप आजवर किती वेळा घेतलं गेलं असेल? लग्नाच्या ब्लाउजाला एकदा. पुढे त्याच ब्लाउजावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. अंग बदलत गेलं तशी ती शिवणी उसवत गेली. बाकी आयुष्यभर जे मिळेल त्यात स्वतःला बसवलं. माझं तरी काय वेगळं होतं? शर्ट बसत नाही म्हणून मी कोपरं अंगाशी धरायला शिकले, खांदे पुढे पाडायला शिकले, मागच्या खुर्चीत बसायला शिकले. शर्टाच्या मापाचं मीच स्वतःला करून घेतलं होतं. हे लिहितानाही मला त्या बटणाचा राग येतो.

ऑडिटच्या दिवशी मी एप्रन काढून नव्या पांढऱ्या शर्टात आत गेले तेव्हा खोली भरलेली होती. पाहुण्यांपैकी एकाने मालाचा नमुना गेटपासून आमच्या लॅबपर्यंत कसा येतो ते विचारलं. मॅनेजर सवयीने म्हणाले, "मिलिंद, काढून दाखव." मी म्हटलं, "मी काढते." मार्कर उचलला आणि फळ्याच्या अगदी वरच्या कडेपासून सुरुवात केली, कारण खाली बरीच जागा लागणार होती. गेट, गोदाम, नमुना घेणारा माणूस, लॅब. पाहुण्यांनी एका दुबार तपासणीवर बोट ठेवलं. मी कारण सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. मी फळ्याचा अर्धा भाग पुसून पुन्हा मांडलं. मार्कर वाळला, मिलिंदने दुसरा दिला. आम्ही चांगलाच वाद घातला, मग ते हसून म्हणाले, ठीक आहे, पुढे चला. जेवताना कफवर डाळ सांडली तेव्हा मी खाली पाहिलं आणि मला कळलं, की सकाळी मीटिंगच्या दारात शिरल्यापासून मला शर्टाची आठवणच झाली नव्हती.

ती जागा मला मिळाली. ते दिवाळीनंतर कळलं आणि त्याचा आनंद अर्थातच मोठा होता. पण त्या दिवशी संध्याकाळी मी काही कळायची वाट न बघता, अंगातला शर्ट न बदलता, सरळ कुंभवलीला गेले. पहिल्या पाळीची माणसं केव्हाच घरी गेली होती, पडवीत कुणी नव्हतं. मास्तर काज करत होते. काकी आतून धावत आल्या. हाताला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

"कसा बसला?"

"काकी, खरं सांगू? दिवसभर अंगात शर्ट आहे हेच विसरले."

त्यांचा चेहरा उतरला. माझ्या लक्षात आलं, की ब्लाउज शिवणाऱ्या बाईला हे कौतुक वाटणं शक्य नाही. चांगला ब्लाउज म्हणजे लग्नात चार जणींनी जवळ येऊन कुठे शिवलास विचारायला हवं. मी घाईने काहीतरी सावरून सांगणार होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "म्हंजे कोनी बगितलंच नाय?"

"कोणीच नाही."

"तू हात वर केलास तवा पन नाय?"

"तेव्हाही नाही. फळ्यावर काय लिहिलंय तेवढंच बघत होते. भांडलेसुद्धा माझ्याशी."

काकी बोटांवरचे दोऱ्याचे तुकडे एकेक करून काढत राहिल्या. बाहेर रस्त्यावरून कंपनीची बस गेली, खिडक्यांतून माणसं आमच्याकडे बघत गेली आणि काकींनी सवयीने पदर गळ्याशी ओढला. तो ओढलेला त्यांच्या त्यांना जाणवला असावा. त्यांनी हात तिथेच ठेवून मास्तरांकडे पाहिलं.

"मला पन एक शिवा," त्या म्हणाल्या.

"तुला कशाला शर्ट?"

"साडीवर घालीन. मला मशीन पुढं आनायचं हाय. आत उजेड नाय, वारा नाय. वाकून शिवायला लागले की रस्त्यानं जानारा येक येक जन बगत जातो, म्हनून मी आत बसले. तुमी कदी इचारलंत का, मी आत का बसते?"

मास्तरांनी विचारलं नव्हतं. त्यांच्या तोंडावरून ते स्पष्ट दिसत होतं. मी उगाचच कफवरचा डाळीचा डाग नखाने खरवडत उभी राहिले. मास्तरांनी हातातली सुई शर्टाच्या कॉलरला टोचून ठेवली, उठले, पडवीच्या उजेडाच्या बाजूचं बाक दोन्ही हातांनी ओढून लांब नेलं आणि मोकळ्या झालेल्या जागेकडे थोडा वेळ बघत राहिले. मग फळीवरचे कापडाचे गठ्ठे खाली काढून काकींच्या पुढ्यात मांडले आणि म्हणाले, "रंग कंचा?"